पुढचा पहारा

डिसेंबरात कारखान्याच्या माणसाला रविवार नसतो. युवराजचं काम तर उसाच्या गाड्यांना नंबर देण्याचं. यार्डात दीडशे-दोनशे ट्रॅक्टर-ट्रक उभे, आणि प्रत्येक ड्रायव्हरला वाटतं की जगात आपलाच ऊस तेवढा वाळतोय. पत्र्याच्या केबिनीत बसून, कुणाच्या मागं कोण, एवढंच दिवसभर बघायचं. 'माझ्या म्होरं कोन, मागं कोन' हे विचारून घेतल्याशिवाय तिथं कुणी इंजिन बंद करत नाही. सणसरच्या घरी जेवायला बसला तरी युवराजच्या कानात तेच चालू असायचं.

म्हणूनच डिसेंबरातला एक दिवस उजनीच्या पाण्यावर गळ टाकून बसायचं, हे त्याचं आणि मोईनचं नऊ वर्षांपासून ठरलेलं. मोईनचं बारामतीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. हंगामात त्यालाही श्वास घ्यायला फुरसत नसायची. "एक दिवस, लेका," तो म्हणायचा. "फोन पान्यात, मासा हातात."

यंदा युवराजनं त्याला नको म्हणून कळवलं होतं. कारण घरी त्याचे वडील, आबा, उभे होते.

उभे होते म्हणजे उभेच होते. नऊ दिवस.

ज्यानं सप्ताहाचं कीर्तन मन लावून ऐकलंय त्याला ठाऊक असतं, की बुवा कितीही नामांकित असोत, टाळकरी कितीही रंगात येवोत, सगळ्यांत मोठा मान असतो तो वीणेकऱ्याचा. सात दिवस ती वीणा भुईला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. एक जण वीणा गळ्यात घेऊन उभा राहतो, तारेवर बोट आणि ओठांत नाम. वेळ संपली की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात, कपाळाला बुक्का लागतो आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. बदली आला नाही, तर आहे त्यानं उभं राहायचं. खाली ठेवायची नाही, खुंटीला लावायची नाही. वीणेकऱ्याच्या पायांवर कारखान्याचा चेअरमनसुद्धा डोकं ठेवतो.

दत्तोबाआबा चाळीस वर्षांहून जास्त काळ सणसरच्या दत्तजयंतीच्या सप्ताहात पहारा करत आले होते. युवराजला त्यांनीच शिकवलं होतं. "वीणा गळ्यात घ्यायच्या आदी पयलं इचारायचं, फुडचा पहारा कुनाचा? नाव कळलं तरच मान वाकवायची. न्हायतर न्हाय." युवराजला ते आपल्या यार्डासारखंच वाटायचं आणि हसू यायचं.

यंदा चौथ्या दिवशी आबांनी पहाटेचा पहारा केला. बदली वेळेवर आला. आबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, पाया पडले, घरी आले. आणि बसले नाहीत.

डावा हात खांद्याशी वर, मुठीत काहीतरी धरल्यासारखा. उजव्या हाताचं एक बोट दर श्वासाला हवेत हलायचं. आधी सगळ्यांना वाटलं, भक्तीची तंद्री आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी पाय सुजले. तिसऱ्या दिवशी बारामतीला नेलं. मेंदूचा फोटो चांगला, रक्त चांगलं. इंजेक्शन दिलं की अर्धा तास डोळे मिटायचे, पण पलंगावर आडवे असतानाही डावा हात वरच. जाग आली की सलाईनच्या नळीसकट उठून उभे. एकदा पट्ट्यांनी बांधलं, तेव्हा ते असे काही कळवळले, की युवराजची बायको सोनम हिनंच रडत रडत पट्ट्या सोडल्या.

"पायात गुठळ्या झाल्यात," डॉक्टर म्हणाले. "एखादी वर सरकली की संपलं. फार तर दोन दिवस. काहीही करा, पण माणूस आडवा झाला पाहिजे."

घरी आणलं. पिंडऱ्यांची कातडी ताणून चकाकत होती, एका जागी फाटून पाणी झिरपत होतं. सोनम गुडघ्यांवर बसून ते टिपायची. आबा एकच शब्द बोलायचे, तोही कुणाला उद्देशून नाही.

"रावजी."

कोण रावजी, ते घरात कुणाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मोईन बघायला आला. गळांची हिरवी पिशवी त्याच्या पाठीवरच होती, ती त्यानं ओसरीच्या भिंतीला टेकवली. माणसाला बोलतं करायचं म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आबा, तुमी यंदा आमचं मासं बुडवलं बगा."

नऊ दिवस कुणाला उत्तर न देणारे आबा बोलले.

"मग जावा की. कोन नगं म्हनतंय?"

सोनमच्या हातातलं फडकं थांबलं. आबा माळकरी. बावड्याच्या बाजारात मासळीची ओळ लागली की दुसऱ्या गल्लीनं जाणारा माणूस. युवराज गळ घेऊन निघाला की ते तोंड फिरवायचे, एवढंच. रागावले कधी नाहीत.

"जुन्या आडसरवाडीला जा," आबा म्हणाले. "देवळाचा कळस हाय पान्यात. तितं टाक गळ."

"तितं काय हाय, आबा?"

आबांचं बोट हवेत एकदा हललं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

"उभा हाय आजून," ते म्हणाले.

आडसरवाडी हे आबांचं मूळ गाव. धरणाचं पाणी आलं तेव्हा विशीचे आबा सणसरला मामाकडं आले, एवढंच युवराजला ठाऊक होतं. त्या गावाविषयी आबांनी कधी अक्षर काढलं नव्हतं. युवराज हिशेबी डोक्याचा माणूस, असल्या गोष्टींना भुलणारा नव्हे. पण डॉक्टरांचे दोन दिवस त्याच्या डोक्यात घड्याळासारखे वाजत होते आणि करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"जावा तुमी," सोनम म्हणाली. "मी हाय हितं. माज्याच्यानं हे बगवंना आता."

सकाळी सातला मोईनची पिकअप निघाली. कळस गावावरून जाऊन पळसदेवच्या अलीकडं हायवे ओलांडला. उसाच्या ट्रॉल्या थंडीत वाफाळत समोरून येत होत्या, तेवढ्यात यार्डातून चार फोन झाले. मग रस्ता कच्चा झाला, बाभळी संपल्या आणि पाणी दिसलं. सगळं पांढरं. धुकं पाण्याला इतकं चिकटलेलं, की किनाऱ्याला बांधलेल्या होड्यांची नुसती टोकं दिसत होती.

झुंबरआबा भोई वाट बघत उभे होते. साठीचा काटक म्हातारा, कानाला मफलर. दरवर्षी होडी त्यांचीच असायची.

"काय मोईनशेठ, यंदा कटला घ्यायचा का न्हाय?"

"मागल्या साली सात किलोचा घेतला की."

"व्हय तर. आन् बारामतीला पोचंस्तवर बारा किलोचा झाला त्यो. सोनगावापतुर गेली बातमी."

मोईन हसला. युवराजनं आडसरवाडीच्या कळसाचं नाव काढलं, तसं झुंबरआबांचं हसू मावळलं.

"तितं मी कुनाला नेत न्हाय."

"झुंबरआबा, याचं म्हातारं लई अडलंय," मोईन म्हणाला. "न्हाय म्हनू नगा."

झुंबरआबांनी युवराजकडं पाहिलं आणि दोरी सोडली.

वल्ह्याचा आवाज सोडला तर काही नव्हतं. वाटेत बुडालेल्या विजेच्या खांबांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. थोडं पुढं गेल्यावर खांब होते, पण रिकामे. युवराजनं ते पाहिलं आणि मनाशी म्हणाला, धुकं आहे, उठले असतील. मग पाण्यातून हातभर वर आलेलं दगडी टोक दिसलं. शेवाळानं हिरवं. झुंबरआबांनी होडी दहा हातांवर थांबवली आणि टोकाकडं बघून हात जोडले.

"मी आठ-नऊ वर्साचा आसंन," ते आपणहून बोलू लागले. "धरनाचं दरवाजं टाकलं तवाची गोष्ट. गाव उठलं हुतं, पन म्हातारी मान्सं म्हनली, श्रावनातला सप्ता हितंच करू, शेवटचा. सातव्या दिशी वर लई पाऊस झाला. पानी गावात शिरलं. समदी ट्रॅक्टरवर बसली. वीना रावजी तात्याच्या गळ्यात हुती."

युवराजनं गळाला लावायला घेतलेला कणकेचा गोळा हातात तसाच धरला.

"तात्याला म्हनलं, चला. तात्या म्हनं, बदली येतुय माजा, त्याच्या गळ्यात घालून येतु. भुईला कशी ठिवू? बदली पोरगं हुतं, विशीचं. पान्यासंगं मासं वावरात आलं हुतं, ढीगानं. त्ये गळ घिऊन गेलं तिकडं. जाताना देवळाम्होरनं गेलं, तात्याला म्हनलं, आलोच."

"मग?"

"ट्रॅक्टरवरनं मी मागं बगत हुतो. पानी तात्याच्या घोट्याला. मग गुडग्याला. मग वळान आलं." झुंबरआबांनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. "घावला न्हाय कदी. वीना बी न्हाय. उनाळ्यात पानी उतरतं, देऊळ उगडं पडतं, आत काय नसतं. त्या पोराचं नाव मोट्या मान्सांनी कुनाला सांगितलं न्हाय. लेकरू हुतं, म्हनली, चुकलं."

मोईन युवराजकडं बघत नव्हता. युवराजही कुणाकडं बघत नव्हता. त्यानं गोळा लावला आणि गळ टाकला, कारण आबांनी तेवढंच सांगितलं होतं.

थर्माकोलचा तुकडा पाण्यावर पडला. लाटा होत्या, पण तो हलला नाही.

पाऊण तास गेला. धुकं उठायच्या ऐवजी दाटलं. यार्डातून फोन आला, युवराजनं तो कापला. मोईनच्या गळाला दोन चिलापी लागल्या, त्यानं न बोलता त्या परत सोडल्या. मग युवराजला वास आला. आधी त्याला वाटलं मफलरचा, जुन्या कपड्यांचा. नव्हे. बुक्क्याचा वास होता. कोरडा, देवळातल्या गर्दीतला.

तुकडा खाली गेला. झटका नव्हता. एकदम, सरळ, कुणी हातानं खाली घ्यावा तसा. गळाची काठी वाकली आणि दोरा होडीच्या कडेपासून पाण्यात उभा ताणला गेला.

"तळाला अडकलं," मोईन म्हणाला. "तोडू?"

"थांब."

दोरा वाजला.

बारीक, एकच सूर. थांबला. पुन्हा वाजला. युवराजनं दोऱ्याला बोट लावलं आणि त्याला कळलं, की हे पाण्याच्या ओढीनं होत नाहीये. खालून कुणीतरी दर श्वासाला एकदा तार छेडत होतं. आबांचं बोट ज्या अंतरानं हलायचं, त्याच अंतरानं.

"युवराज, तोडतो मी." मोईननं चाकू उघडला.

"तोडू नगंस. आबा मरतील माजं."

तो होडीत उभा राहिला. काय करायचं ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं पायांतले बूट काढले. वाकून पाण्याला कपाळ लावलं. पाणी गार नव्हतं.

"रामकृष्णहरी, तात्या," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "लई उशीर झाला. पहारा माजा. द्या."

आणि मान वाकवली.

दोरा सैल पडला.

मानेवर ओला पट्टा टेकला. डाव्या खांद्यावर वजन आलं. फार नाही, भोपळ्याएवढं. त्याचा हात आपोआप वर गेला आणि मूठ मिटली.

मुठीत काही दिसत नव्हतं.

झुंबरआबा होडीच्या तळात वाकले. साठी उलटलेल्या त्या म्हाताऱ्यानं युवराजच्या अनवाणी पायांवर डोकं ठेवलं, सप्ताहात वीणेकऱ्याच्या पायांवर ठेवतात तसं, आणि बराच वेळ उचललं नाही.

फोन वाजला. मोईननं तो युवराजच्या खिशातून काढला. पलीकडं सोनम रडत होती, हसत होती. "बसलं वं! आबा बसलं. आडवं झालं. घोरायला लागल्यात, ऐका, ऐका—"

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"या अल्ला, शुक्र हाय," मोईननं डोळे पुसले. "बस आता खाली. होडी डुलती."

युवराजनं गुडघे वाकवून पाहिले. ते वाकले नाहीत. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण एक गोष्ट विचारायची विसरलो.

येताना तो पिकअपच्या मागच्या हौद्यात उभा राहून आला. घरात आबा पांघरुणात निजले होते, दोन्ही हात छातीवर मोकळे. पायांची सूज डोळ्यांदेखत उतरत होती. युवराज त्यांच्या उशाशी उभा राहून बघत राहिला आणि त्याला खरंच बरं वाटलं. बाप वाचला होता. बारा वाजले, पहाऱ्याचे दोन तास भरले. कुणी आलं नाही. चार वाजले.

मोईन बारामतीला परत गेला नव्हता. दुकान त्यानं बंदच ठेवलं. "माज्याकडं दे," तो म्हणाला. "कसं घेत्यात सांग. मी बूट काढतो. कपाळाला काय लावायचं ते लाव." तो खरंच युवराजच्या पायांवर वाकला आणि मान पुढं करून कितीतरी वेळ तसाच राहिला. युवराजनं सगळं केलं. खांद्यावरचं वजन तसूभर हललं नाही.

"तुजं नाव न्हाय रं पहाऱ्याच्या यादीत," युवराज म्हणाला, आणि मोईन लहान पोरासारखा रडला.

घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच होतं. पहारा ज्याचा चुकला होता, तो माणूस आत निजला होता.

सोनमनं युवराजच्या पायांखालची फरशी पुसली. थोड्या वेळानं पुन्हा पुसली. त्यानं बदललेल्या कोरड्या पायजम्याच्या कडा घोट्यापर्यंत ओल्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डातला फोन सोनमनं त्याच्या कानाला धरला. कुणी ड्रायव्हर होता. "सायेब, तेवढं सांगा की, माज्या मागं कोन हाय?"

नऊच्या सुमाराला आबा उठले. आपल्या पायांनी मोरीत गेले, तोंड धुतलं, चहा घेतला, दोन भाकरी खाल्ल्या. चेहरा निवळला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होते. मग ते ओसरीवर आले आणि त्यांनी युवराजकडं पाहिलं. वर धरलेला डावा हात. हवेत हलणारं बोट. त्यांना कळायला काही वेळ लागला नाही. डोळे भरून आले.

"आबा," युवराज म्हणाला. "घेताना मी इचारलं न्हाय. फुडचा पहारा कुनाचा हाय?"

आबा जवळ आले. त्यांनी लेकाच्या गालावरून हात फिरवला. माणसाचा जीव तुटावा इतक्या मायेनं फिरवला. ओठ हलले, पण नाव आलं नाही.

भिंतीला मोईनची गळांची हिरवी पिशवी टेकलेली होती. आबांनी वाकून ती उचलली. गळ्यातली तुळशीची माळ चाचपली, सदऱ्याच्या आत सरकवली आणि चपला पायांत घातल्या.

"आबा?"

उंबऱ्यावर आबा वळले. चेहऱ्यावर कावरंबावरं, विशीतल्या पोरासारखं हसू होतं.

"आलोच," ते म्हणाले.

चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. सोनम फडकं घेऊन युवराजच्या पायांशी बसली, फरशी टिपू लागली आणि थांबली. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता.